माडीची किल्ली

दांडिया बाजार, वडोदरा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पुण्यात थंडी पडली असेल. बाबा, गुडघ्याला तेल लावता ना, की दादाला नुसतं हो म्हणता?

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "मग डायरेक्टर तू का नाही? सतरा वर्षं घासलीस तिथे." बस आली म्हणून मी फोन ठेवला. बस आलीच नव्हती.

मोठ्या बेननी आमच्या संस्थेचं डायरेक्टरपद सोडायचं ठरवल्यावर विश्वस्तांनी जाहिरात लिहायला मलाच सांगितलं. एका संध्याकाळी लिहून टाकली: पदव्युत्तर शिक्षण, दहा वर्षांचा अनुभव, इंग्रजीवर प्रभुत्व. हात कुठे अडखळला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या फील्डवरच्या बेननी तो कागद वाचला, शेवटच्या अटीखाली नखाने रेघ ओढली आणि हसत विचारलं, "बेन, आ लीटी कोना माटे?" ही ओळ कोणासाठी?

आई, तू त्यांना पाहिलंयस, दिवाळीला सुतरफेणी घेऊन आल्या होत्या त्या. नवरा गटारात उतरला तो वर आलाच नाही. भरपाईच्या कागदांसाठी आमच्याकडे आल्या आणि पुढे दुसऱ्यांचे कागद करू लागल्या. गटारातल्या मृत्यूला दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये सांगितलं, 2023 मध्ये त्याचे तीस केले. पण कंत्राटदार म्हणतो, हा माणूस माझा नव्हताच. मग बायको कुठल्या कागदावर भांडणार?

ती अट मी काढायला लावली. त्यांनी अर्ज केला, मी केला नाही. मोह झाला नाही असं नाही. विश्वस्तांनी मला दोनदा विचारलं आणि दोन्ही रात्री झोप लागली नाही. मुलाखतीत सगळ्यांना एकच प्रश्न होता, पहिल्या सहा महिन्यांत काय कराल. दिल्लीहून आलेल्या एका हुशार गृहस्थांनी वीस स्लाइड दाखवल्या. या म्हणाल्या, "मस्टर. माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या हजेरीचा, पगाराचा पुरावा गोळा करायचा. मेल्यावर कोणी देत नाही." विश्वस्तांपैकी एकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि मला निकाल कळला.

इंग्रजी प्रस्ताव मी लिहितेच, तशीच लिहीत राहीन. हिशेबाचं मात्र त्यांना शिकावं लागेल. परदेशी देणगीतून कारभारावर आता 20 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो, 2020 च्या आधी ही मर्यादा 50 होती. बाबा, तुम्हा बँकवाल्यांना गंमत वाटेल: ते पैसे यायचं खातं दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवं. सह्या बदलायच्या म्हणून आत्ता फॉर्मांचा ढीग पडलाय.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कामासाठी. आमच्या या नव्या डायरेक्टर शहराच्या पार टोकाला राहतात, दोन शटल रिक्षा बदलून येतात. आता मीटिंगा रात्रीपर्यंत चालणार, म्हणून ऑफिसजवळ घर बघतायत. तीन घरं झाली. फोनवर होकार, मग आडनाव विचारतात, मग घरमालकाचा भाचा अचानक राहायला येणार असतो. एकाच महिन्यात तीन भाचे!

बाबा, रविवारी तुम्ही आम्हाला कमाटीबागेत छोट्या आगगाडीत बसवायला न्यायचात. 1917 मध्ये बाबासाहेब त्याच बागेत मुंबईच्या गाडीची वाट बघत बसले होते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून त्यांच्याच नोकरीत आले आणि या गावात डोकं टेकायला जागा मिळेना. ही गोष्ट तुम्हीच सांगितलीत. दर वेळी "त्या काळी" म्हणून सुरू करायचात.

आपली माडी तीन वर्षं बंद आहे. मला ती त्यांना द्यायची आहे. भाडं बाजारभावाने, रीतसर करार करून. आई, तुझी पितळी भांडी आणि गौरींचे मुखवटे मी खाली आणून ठेवते. मोरी सामाईक आहे आणि नळ एकच, हे तू म्हणायच्या आधी मीच लिहून टाकते. शेजारच्या काकू काय म्हणतील तेही मला माहीत आहे, त्यांचं मी बघते.

किल्ली माझ्याकडे आहे, पण घर तुमचं आहे. दोघांनी बोलून कळवा. फोन केलात तरी चालेल, या वेळी बस येणार नाही.

तुमची,
छोटी