व्हिन्सेंटच्या गावातून पत्र

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सरळ लिहून काढतो. हॉस्टेलला पंख्याच्या बटणाशेजारी तू कॅलेंडरचं एक पान चिकटवलं होतंस ना, नदीत दिव्यांचे पिवळे पट्टे आणि वर चांदण्या, ते चित्र चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जिथे काढलं तिथे काल रात्री आम्ही उभे होतो. फ्रान्समधलं आर्ल. ऑफिसच्या कामाला आलो होतो, चार दिवस जोडून घेतले आणि बायकोला पण बोलावून घेतलं.

आधी दिवसाचं सांगतो. फेब्रुवारी १८८८ मध्ये व्हिन्सेंट इथे उतरला तेव्हा बर्फ पडलेला, आणि आला होता उन्हाच्या शोधात, म्हणजे नशीब बघ. पुढे त्याने स्टेशनजवळ महिना १५ फ्रँक भाड्याने ते त्याच्या चित्रातलं पिवळं घर घेतलं. आम्ही मोठ्या उत्साहाने शोधत गेलो तर घर नाहीच! १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. मागची उंच इमारत आणि रेल्वेचा पूल तेवढा चित्रातल्यासारखा आहे, समोर गाड्या गोल फिरतायत आणि फुटपाथवर त्या चित्राचा बोर्ड. गावभर असे बोर्ड आहेत, त्याने इझल, म्हणजे चित्राचा स्टँड, ठेवलं असेल साधारण तिथे.

मग चौकातलं ते त्याच्या चित्रातलं रात्रीचं कॅफे. भिंत एकदम पिवळीधमक, बायको म्हणाली अगदी चित्रासारखं आहे, आणि गंमत तीच आहे रे, मुळात भिंत तशी पिवळी नव्हतीच, गॅसच्या दिव्याच्या उजेडात त्याने ती तशी रंगवली आणि शंभर वर्षांनी लोकांनी चित्र बघून खरी भिंत रंगवली. कान कापून घेतल्यावर त्याला ज्या हॉस्पिटलात ठेवलं तिथली बाग पण तशीच, त्याचं चित्र आणि बहिणीला पत्रात केलेलं वर्णन समोर ठेवून परत लावलेली. त्याच्या चित्रातला वर उचलता येणारा लाकडी पूल आठवतो, खाली बायका कपडे धुतायत तो? मूळचा कधीच गेला, आता आहे तो तसाच दिसणारा दुसरीकडून आणून बसवलेला. म्हणजे जागा बघून चित्र काढलं हे ठीक, पण इथे चित्र बघून जागा काढल्यात! दुपारपर्यंत मला जरा फसवल्यासारखंच वाटायला लागलं. वर कहर म्हणजे सव्वा वर्षात त्याने इथे दोनशेच्या आसपास चित्रं रंगवली आणि गावाच्या मालकीचं त्यातलं एकही नाही, दाखवायला दुसऱ्यांकडून उसनी आणतात.

जवळच्या सेंट रेमी गावात मात्र बरं वाटलं. तिथल्या मनोरुग्णालयात तो स्वतःहून दाखल झाला, मे १८८९ ते मे १८९०. बाहेर ऑलिव्हची झाडं आहेत, खोडं अशी पिळवटलेली की चित्रात त्याने काही वाढवून काढलंय असं वाटतच नाही. आणि मिस्त्राल वारा! टोपी उडाली माझी, दोनदा. या वाऱ्यात तो इझलचे पाय खुंट्यांनी जमिनीत ठोकून काम करायचा, आणि आपण शाळेत चित्रकलेच्या तासाला पंखा लागला की कागद उडतो म्हणून रडायचो.

तर काल रात्र. ऱ्होन नदीच्या काठावर गेलो, पिवळ्या घरापासून दोनच मिनिटं. दिव्यांचे पट्टे पाण्यात अजून तसेच थरथरतात, दिवे आता विजेचे आहेत एवढंच. तिथेही बोर्ड. टॉर्च मारून बघितलं तर चित्रात नदीवर सप्तर्षी. आणि मला एकदम आठवलं, गच्चीत झोपायचो तेव्हा तूच शिकवलं होतंस, सप्तर्षी उत्तरेला. पण चित्रातला देखावा तर नैऋत्येचा! कंपास काढून पाहिलं, खरंच. अख्खे सप्तर्षी उचलून त्याने पाहिजे तिथे लावलेत लेका, आणि मी दिवसभर गावकऱ्यांना नावं ठेवत होतो!

मग मी त्या देखाव्याकडे पाठ केली आणि मान वर करून शोधायला लागलो. बायको म्हणते, अहो नदी इकडे आहे. सापडले, सगळे सातही. फोटो काढला पण त्यात नुसता काळोख आलाय, तरी पाठवतो.

तुझाच,
हॉस्टेलवाला पार्टनर