अण्णा, माग थांबल्याचं तुम्हाला कसं कळतं

अण्णा नमस्कार,

हे तुमच्या पोराच्या मोबाईलवर पाठवलंय, त्याच्याकडून वाचून घ्या. प्रोजेक्ट एकदाचा निघाला. तोच एजंटवाला, ज्याचं नाव ऐकून तुम्ही विचारलेलं विम्याचे का प्लॉटचे 😄 प्रत्येक टेम्पोचा एक प्रोग्रॅम, त्यालाच एजंट म्हणायचं, आणि वरून कुणी हुकूम न देता त्यांनी आपापसात ठरवायचं की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्या कारखान्याचे टॉवेलचे गठ्ठे कोण उचलणार. पद्धत जुनीच, रीड स्मिथ नावाच्या संशोधकानं १९८० मध्ये मांडलेली कॉन्ट्रॅक्ट नेट. काम पुकारायचं, सगळ्यांनी बोली लावायची, ज्याची परवडेल त्याला द्यायचं. मार्केट यार्डातला कांद्याचा लिलावच की, फक्त इथं कमी बोलीवाला जिंकतो.

साधं असलं की मस्त चालायचं. पण मी कॉम्प्युटरवर मुद्दाम मधेच लाईट घालवली, गड्डा जत्रेच्या मिरवणुकीचे रस्ते बंद केले की सगळं गंडायचं, आणि काम जिंकलेला टेम्पो वाटेतच मेला तर बाकीचे गप उभे, कारण त्यांच्या लेखी ते काम "दिलेलं" होतं. तीन आठवडे मी नुसतं बोलीचं गणित बदलत बसलो, उगाच.

मग त्या दिवशी तुमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात, त्या खटाक खटाकमध्ये, मला काही ऐकू येईना आणि तुम्ही मान पण न वळवता म्हणालात, कोपऱ्यातला माग थांबला बघ. कसं कळलं विचारलं तर म्हणे बंद पडलेला माग सांगायला येतो का, आवाज कमी झाला की उठायचं.

झालं की मग! आता प्रत्येक एजंट दर दोन सेकंदाला "चालूय" म्हणतो, तीनदा आवाज आला नाही की त्याचं काम परत पुकारतात. आणि तुमचे विणकर चहाला जाताना शेजारच्याला सांगून जातात ना, तसं ज्याला कळलं की काम होणारच नाही त्यानं गप बसायचं नाही, सगळ्यांना कळवायचं. हे कोहेन आणि लेवेक या संशोधकांनी १९९१ मध्येच लिहून ठेवलंय, मला नंतर सापडलं. मिलिंद तांबे यांच्या १९९७ च्या पेपरात तर सिम्युलेशनमधलं टेहळणीचं हेलिकॉप्टर डोंगरावर आपटतं आणि बाकीची त्याच्या निरोपाची वाट बघत थांबूनच राहतात. वाचून लई हसलो, सेम माझे टेम्पो.

खरंच थँक्यू अण्णा, तुमच्यामुळं सुटलं.

आता एकच राहिलंय. नेट स्लो झालं की जिवंत टेम्पो मेला समजून दुसरा निघतो, आणि एकाच दारात दोन टेम्पो. रविवारी येऊलालो, तेव्हा सांगा, माग चालूच असतो पण आवाज येत नाही असं तुमच्याकडं कधी होतं का?