आई, लूर्दला चाकांच्या खुर्चीत बसायला हरकत नाही

डब्लिन

प्रिय आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं युरोप यात्रेचं पत्रक नीट वाचलं. दोन आठवडे, पाच देश, सोबत धर्मगुरू, रोज मिस्सा, रोज भारतीय जेवण. इतकी वर्षं वाडी, गुरं आणि आमची शिक्षणं यांतून तुम्हाला कधी बाहेर पडता आलं नाही. आता जायचं मनावर घेतलंत, याचा मला फार आनंद झाला आहे. फोनवर तुम्ही दोघं एकमेकांच्या हातात फोन देत राहता आणि खरं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय.

जा. नक्की जा. पण या पत्रकातल्या टूरने नको. पोर्तुगालमधलं फातिमा आणि फ्रान्समधलं लूर्द, मरियामातेच्या या दोनच तीर्थांच्या ठिकाणी निवांत राहू, एक दिवस लिस्बन, आणि आईचे गुडघे साथ देत असतील तर लूर्दहून एक दिवस संत फ्रान्सिस झेवियरच्या गावी, स्पेनमधल्या हावियेरला. मी रजा काढते आणि लिस्बनच्या विमानतळावर तुम्हाला भेटते.

मागच्या वर्षी मी इथल्या मल्याळी आणि गोव्याच्या नर्सेसबरोबर अशाच एका टूरला गेले होते. लिस्बन, फातिमा, सांतियागो, बुर्गोस, लोयोला, लूर्द, हावियेर, बार्सिलोना. सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, आठच्या आत बस. फातिमा ते लूर्द एवढंच अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि टूर तेही वळसे घेत कापते. इकडे बसच्या ड्रायव्हरने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायची आणि दिवसाला साधारण ९ तासांच्या वर चालवायचं नाही, असा कडक नियम आहे. नियम चांगलाच आहे, पण त्यामुळे कुणी एखाद्या चर्चमध्ये रमलं तरी गाईडला थांबता येत नाही, पुढचं गाव हुकतं. बुर्गोसच्या कथेड्रलचं काम १२२१ साली सुरू झालं. एवढ्या जुन्या त्या मंदिरात आम्ही कानाला हेडफोन लावून गाईडच्या छत्रीमागे चालत गेलो आणि तसेच बाहेर आलो. बाकावर टेकून एक नमो मारियाची प्रार्थना म्हणायला मिळालं नाही. बार्सिलोनाच्या सग्रादा फमिलियात सकाळचं ऊन निळ्या-हिरव्या काचांतून आत येतं, ते विसरता येणार नाही इतकं सुंदर आहे, पण तिथेही घड्याळ मागे लागलेलंच. आमच्या गटातल्या दोन वयस्कर बायका शेवटी शेवटी चर्च आलं तरी बसमधून उतरेनाशा झाल्या. आईचं तसं व्हायला नको.

बाबा, लिस्बनचा एक दिवस तुमच्यासाठी. बेलेमच्या जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे. त्या मठाजवळच्या नदीकाठावरून ७ एप्रिल १५४१ ला फ्रान्सिस झेवियर निघाले. त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता तो. ६ मे १५४२ ला गोव्याला पोचले, म्हणजे वर्षाहून जास्त काळ समुद्रात आणि वाटेतल्या बंदरांत गेला. पुढे आपल्या वसईलाही येऊन गेले. माघारी मात्र कधी गेले नाहीत. शहराच्या उंच भागात कार्मो नावाचा मठ आहे. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, चर्चं माणसांनी भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला. कार्मोचं छप्पर तेव्हा जे पडलं ते आजही नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. तुम्ही मला वसईच्या किल्ल्यात हात धरून फिरवायचात, १५३४ ला पोर्तुगीज कसे आले आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला कसा घेतला ते सांगायचात, ते सगळं तिथे उभं राहिल्यावर आठवलं. परतताना बसमध्ये मी माइक मागून घेतला आणि आपल्या संत गोन्सालो गार्सियांबद्दल सांगितलं. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले, १८६२ साली संत म्हणून जाहीर झालेले. बसमधल्या बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. तुमच्या तोंडून ते आणखी चांगलं ऐकवलं गेलं असतं.

लिस्बनहून फातिमा गाडीने दीड तासावर. १९१७ साली १३ मे ते १३ ऑक्टोबर मरियामातेने ल्युसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या तीन मेंढपाळ मुलांना दर्शन दिलं, ही कथा आईने मला झोपताना सांगितलेली. जिथे दर्शन झालं तिथे छोटं प्रार्थनाघर आहे. ते १९१९ साली बांधलं, आणि आजही सगळ्या प्रचंड आवाराचा जीव त्यातच आहे. मूर्तीच्या मुकुटात पोप जॉन पॉल दुसरे यांना १३ मे १९८१ ला लागलेली गोळी बसवली आहे. तो मुकुट फक्त मोठ्या सणांना घालतात.

आई, तुला तिथे परकं अजिबात वाटणार नाही. बांद्र्याच्या मोतमाउलीला मिळतात तसेच मेणाचे हात, पाय, डोकं तिथेही मिळतात. मेणबत्त्या मोठ्या लोखंडी जाळीत लावायच्या, पण खालची धग एवढी असते की लावलेली मेणबत्ती क्षणात मऊ पडून शेजारणीच्या खांद्यावर वाकते. आवारात गुळगुळीत संगमरवराची एक लांब पट्टी आहे. नवस केलेली माणसं तिच्यावरून गुडघ्यांवर चालत प्रार्थनाघराकडे जातात. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांना फोमच्या पट्ट्या बांधून चालले होते. त्यांची बायको शेजारून ताठ चालत होती आणि ते तिच्या हाताच्या आधाराने पुढे सरकत होते. दोघं काही बोलत नव्हती. जपमाळ तिच्या हातात होती. तू मात्र यातलं काही करायचं नाहीस, आत्ताच सांगून ठेवते. गुडघे तुझे नि काळजी माझी.

रात्री साडेनऊला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि मग मेणबत्त्यांची मिरवणूक. एक एक प्रार्थना वेगवेगळ्या भाषेत म्हणतात आणि उत्तर प्रत्येक जण आपापल्या भाषेत देतो. तुम्ही मराठीत द्या, कुणी वळून बघत नाही.

दुसऱ्या दिवशी अल्जुस्त्रेलला जाऊ, मुलांच्या गावी. दोन किलोमीटरच्या आसपास आहे. बुटकी दारं, अंधाऱ्या खोल्या, खाटा तशाच ठेवल्या आहेत. फ्रान्सिस्को १९१९ मध्ये फ्लूच्या साथीनंतर घरीच वारला. धाकटी जसिंता फेब्रुवारी १९२० मध्ये लिस्बनच्या इस्पितळात वारली, जवळ घरचं कुणी नसताना. नऊ वर्षांची होती. माझ्या वॉर्डात रात्री एखादं माणूस एकटं असलं की मी पाच मिनिटं तरी शेजारी बसते, आणि तिथून आल्यापासून त्या मुलीसाठी मनात एक नमो मारिया म्हणते. १३ मे २०१७ ला पोप फ्रान्सिस यांनी त्या दोघा भावंडांना संत घोषित केलं. टूरमध्ये हे गाव आम्ही बसच्या काचेतून पाहिलं. मी आणि आणखी दोघी दुपारचं जेवण सोडून टॅक्सीने जाऊन आलो.

आता लूर्द. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे.

आई, गेली काही वर्षं तू बांद्र्याला जात नाहीस. लग्नात मागच्या खुर्चीवर बसतेस आणि जेवायला उठत नाहीस. विमानतळावर चाकांची खुर्ची मागू म्हटलं की म्हणतेस, लोक काय म्हणतील. लूर्दला काय होतं ते सांगते. तिथे आजारी माणूस सगळ्यांत पुढे असतो. निळ्या छताच्या चाकांच्या खुर्च्या आहेत, पुढे ओढायला दांडा. ओढणारे लोक फ्रान्स, इटली, आयर्लंडहून स्वखर्चाने येतात. त्यात कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, इथल्या माझ्या हॉस्पिटलमधलीही काही माणसं दर वर्षी रजा टाकून जातात. रस्त्यावर खुर्च्यांसाठी वेगळी मार्गिका रंगवलेली आहे. मरियामातेचं दर्शन झालं त्या गुहेपाशी कितीही मोठी रांग असू दे, खुर्ची आली की वाट मोकळी. आमच्या गटातल्या काठी घेऊन चालणाऱ्या एक मावशी आधी नको नको म्हणत होत्या. एका मुलाने त्यांच्या गुडघ्यांवर घोंगडी पसरली, पाय नीट पायटीवर ठेवले, आणि त्यांना मिरवणुकीत पहिल्या ओळीत नेलं. संध्याकाळी परत आल्या तेव्हा आम्हालाच तिथला कार्यक्रम समजावून सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी स्वतःहून खुर्चीत जाऊन बसल्या.

रोज दुपारी पाचला पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीची मिरवणूक असते, शेवटी धर्मगुरू आजाऱ्यांना आशीर्वाद देतात. रात्री नऊला दिव्यांची मिरवणूक. 'आवे आवे आवे मारिया'ला सगळे एकदम मेणबत्त्या वर करतात. कुणाची नळी नाकात, कुणाचा हात थरथरतो, तरी मेणबत्ती वर जाते. मी रोज आजारी माणसं बघते, पण इतकी आजारी माणसं इतकी मोकळी कधी पाहिली नव्हती.

लूर्दची बेर्नादेत सुबिरू १४ वर्षांची होती. ११ फेब्रुवारी ते १६ जुलै १८५८ या काळात तिला त्या गुहेत मरियामातेचं अठरा वेळा दर्शन झालं. वडिलांची पिठाची गिरणी बुडालेली. सगळं कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहायचं, कैद्यांनाही ती जागा रोगट म्हणून सोडलेली. ती खोली अजून आहे, जेमतेम १६ चौरस मीटर. आत गेल्यावर खिडकीतून ओलसर वास येतो. तिला नीट फ्रेंच येत नव्हतं. घरची बोली तेवढी यायची, आणि मरियामाता तिच्याशी त्याच बोलीत बोलली. त्या बोलण्यातली एक ओळ गुहेतल्या मूर्तीखाली त्या बोलीतच कोरली आहे. मला आजी आठवली. तिने सगळी जपमाळ मराठीत पाठ केली होती, पण नातवंडांसाठी मागणं मागायची ते आपल्या कादोडी बोलीत.

गुहेचा खडक लोकांच्या हातांनी काळा, तुकतुकीत झाला आहे. हात लावला की गार आणि ओला लागतो. झऱ्याचं पाणी नळाला येतं, फुकट आहे, हवं तेवढं भरून घ्या. मोठ्या बाटल्या विमानात सामानातच टाकाव्या लागतील, बाबा.

बरं होण्याबद्दलही लिहिते, कारण आई विचारणारच. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं एक कार्यालय आहे. कुणी बरं झाल्याचं सांगितलं की आधीचे रिपोर्ट, निदान, घेतलेले उपचार सगळं तपासतात, वर्षानुवर्षं पाठपुरावा करतात. हजारो दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरहून थोडेच अधिक आहेत. ही शिस्त बघून नर्स म्हणून माझा विश्वास वाढलाच. आणि स्वतः बेर्नादेतला जन्मभर दम्याचा त्रास होता. पुढे उजव्या गुडघ्याला क्षय झाला, १८७९ साली ती नेव्हेरच्या मठात वारली, अवघ्या ३५ व्या वर्षी. आई, गुडघेदुखी सोसणारी संत आहे ती. तिच्याशी तू मोकळेपणाने बोल. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही ते आपण परत आल्यावर तुझ्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवू. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी.

लूर्दला गटांना आपल्या भाषेत मिस्सा करायला छोटी चॅपेल देतात, आधी कळवावं लागतं. आपल्या धर्मग्रामातले कुणी फादर त्या सुमारास युरोपात असतील तर बाबांनी विचारून बघावं. मराठी मिस्सा तिथे झाली तर आईला आणखी काही नको असेल, मला माहीत आहे.

हावियेरचं नंतर बघू. लूर्दहून पिरेनीज ओलांडून बराच वेळ लागतो. तिथे फ्रान्सिस झेवियरांच्या घराण्याच्या किल्ल्यात अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना क्रूस आहे, त्यावरच्या ख्रिस्ताच्या चेहऱ्यावर हसू आहे. गोव्याला शवप्रदर्शनाच्या रांगेत आपण तासन्‌तास उभे होतो, त्या संताचं घर बघावं असं मला वाटतं. पण पायऱ्या आहेत, म्हणून आग्रह नाही.

आता कामाचं. बांद्र्याची जत्रा आटोपली की सप्टेंबरच्या शेवटी निघू. मे आणि ऑक्टोबरची १३ तारीख टाळायची, फातिमाला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. रोजच्या मिरवणुका ऑक्टोबरपर्यंत चालतात, त्यामुळे तुमचं काही चुकणार नाही. व्हिसा ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे मागायचा. आपण लूर्दला एक रात्र जास्त राहू आणि फ्रान्सचा करू. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, तेव्हा दादाला सोबत न्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बाबांच्या बायपासची माहिती त्यात लपवायची नाही, सगळं लिहायचं. डिस्चार्जचे कागद आणि चालू गोळ्यांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी स्कॅन करून मला पाठवा. पासपोर्टची मुदतही बघून कळवा.

टूरवाल्यांना आगाऊ रक्कम अजून दिली नसेल तर देऊ नका. ज्यांनी पत्रक दिलं त्यांना नम्रपणे सांगा की लेकीबरोबर जातोय. रविवारी मिस्सानंतर मी फोन करते, तोपर्यंत दोघांनी बोलून ठेवा. आईसाठी थर्मल आणि रबरी तळाचे बूट मी इथूनच घेते, फक्त पायाचं माप कागदावर काढून त्याचा फोटो पाठवा.

तुमची लेक