१२०० सीएफएमचा डस्ट कलेक्टर : पैसे परत मिळण्याबाबत

नाशिक, दि. १२ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दोन एचपी डस्ट कलेक्टरची हवा ओढण्याची क्षमता आणि फिल्टर पिशवी, दोन्ही दाव्याप्रमाणे नसल्याबाबत.

महोदय,

निवृत्तीनंतर मी घराच्या पार्किंगमध्ये दहा बाय चौदाच्या जागेत सुतारकामाचं छोटं वर्कशॉप थाटलं आहे. टेबल सॉ, थिकनेसर (फळी रंधून सारख्या जाडीची करणारं मशीन) आणि सँडर, एवढाच पसारा. सागाचा भुसा झाडूने गोळा होतो, पण एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड) कापताना उडणारं पीठ तासन्‌तास खाली बसत नाही. त्यासाठी दिवाळीत तुमचा डस्ट कलेक्टर २६,५०० रुपयांना घेतला. बिलाची प्रत सोबत आहे.

खोक्यावर ठळक अक्षरांत '१२०० सीएफएम', म्हणजे मिनिटाला १२०० घनफूट हवा, असं छापलं आहे. प्रत्यक्षात थिकनेसर दोनदा फिरवला की ढलप्या त्याच्या तोंडातच तुंबतात. आधी मी स्वतःलाच दोष दिला. सहा मीटरचा लवचिक होज काढून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप टाकला (तो तुमच्या १०० मिमीच्या तोंडाला बसत नाही, जोड शोधायला तीन दुकानं पालथी घातली, ते असो). वळणं कमी केली, सांधे सिलिकॉनने बुजवले, ब्लास्ट गेट (पाइपातली हवा बंद करणारी झडप) लावून एका वेळी एकच मशीन जोडलं. फरक पडला, पण किरकोळ.

मग वाऱ्याचा वेग मोजणारा मीटर मागून आणला. पिशवी झाडून, फक्त दीड मीटर सरळ चार इंची पाइप जोडून मोजलं : सेकंदाला १६ मीटर. हिशेब केला तर जेमतेम पावणेतीनशे सीएफएम. भुसा पाइपात न बसता वाहून न्यायला सेकंदाला साधारण २० मीटर वेग लागतो, तोही नाही. आणि चार इंची तोंडातून १२०० सीएफएम ओढायचे तर हवेला सेकंदाला ७० मीटर, म्हणजे ताशी २५० किलोमीटर धावावं लागेल. वंदे भारतसुद्धा प्रवासी घेऊन १६०च्या पुढे जात नाही. पाइप आणि पिशवी न लावता नुसता पंखा फिरवून हा आकडा काढला असेल, तर तसं खोक्यावर लिहायला हवं होतं.

पिशवीबद्दल मला जास्त राग आहे. माहितीपत्रकात 'पाच मायक्रॉन' म्हटलंय, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजारांश भागाएवढे कणही अडायला हवेत, पिशवीवर मात्र कसलाही शिक्का नाही. रात्री दिवा मालवून टॉर्च मारला तर पिशवीतून धूर निघाल्यासारखी बारीक धूळ दिसते. म्हणजे जी धूळ जमिनीवर पडली असती ती हे यंत्र उचलतं आणि माझ्या नाकाच्या उंचीवर पसरवतं. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, ते तुमच्या अभियंत्यांना मी सांगायला नको.

तुमचा तंत्रज्ञ आला, मोटर चालू करून पाहिली आणि म्हणाला, "काका, पिशवीला आतून धुळीचा थर बसू द्या, मग गळणार नाही." थर बसला की बारीक धूळ अडते हे खरं, पण हवाही अडते. मुळात पावणेतीनशे, त्यातून आणखी किती घटवू? त्याच संध्याकाळी 'तक्रारीचं निवारण झालं' असा एसएमएस आला. कोणी केलं निवारण?

यंत्र परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ते जमत नसेल तर एक मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर विनामूल्य बसवावा आणि पाइप-पिशवी लावलेल्या स्थितीतली क्षमता लेखी कळवून किमतीतला फरक परत करावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार इथल्याच जिल्हा आयोगाकडे जाईन. त्यासाठी मला तुमच्या गावी यावं लागत नाही.

कलेक्टर पुसून ठेवला आहे. खोकंही जपून ठेवलंय, त्यावर तो आकडा आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, मीटरच्या नोंदींचे फोटो, टॉर्चच्या उजेडातला व्हिडिओ