मोगलाईचा जमाखर्च: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. ‘मोगल सत्तेच्या ऱ्हासाची कारणे लिहा’ या प्रश्नाची उत्तरे मी तीसेक वर्षे तपासली. औरंगजेबाचे धार्मिक धोरण, दक्षिणेतील मोहीम, दुबळे वारस आणि परकीय आक्रमणे ही चार कारणे बहुतेक उत्तरपत्रिकांत याच क्रमाने असत आणि मी पूर्ण गुण देत असे. त्यांतले एकही खोटे नाही. मात्र एका कारणाने दुसरे कसे ओढून आणले हे सांगणारे उत्तर क्वचितच दिसले, कारण आम्ही ते शिकवतच नव्हतो. पाठ्यपुस्तक पुढच्या वेळी नव्याने लिहिले जाईल तेव्हा या उणिवेचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मोगल राज्य मनसबदारांच्या, म्हणजे दर्जानुसार फौज बाळगणाऱ्या बादशाही अधिकाऱ्यांच्या, खांद्यावर उभे होते. मनसबदाराला बहुधा रोख पगार नसे. एखाद्या मुलखाचा वसूल त्याला जहागीर म्हणून लावून दिला जाई आणि तीन-चार वर्षांत ती जहागीर बदलली जाई. कागदावरचा आकार म्हणजे जमा आणि प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम म्हणजे हासिल. या दोहोंतील अंतर शाहजहानच्याच काळात एवढे वाढले होते की जहागिरी महिन्यांच्या हिशेबाने मोजत. वर्षाकाठी सहाच महिन्यांचे उत्पन्न देणारी ती ‘शशमाहा’. उद्या बदली होणार हे ठाऊक असलेला जहागीरदार रयतेला विहिरीसाठी तगाई, म्हणजे शेतीचे कर्ज, कशाला देईल? हाती लागेल तेवढे तो ओरबाडून घेई.

अशा अवस्थेत औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडले, राज्याचा विस्तार पूर्वी कधी नव्हता एवढा झाला आणि अडचण तिथेच वाढली. जिंकलेल्या दरबारांतील सरदारांना आणि फोडलेल्या मराठ्यांना मनसबी द्याव्या लागल्या, तर नव्या मुलखातील चांगला भाग युद्धखर्चासाठी खालशात, म्हणजे थेट बादशाही खजिन्याकडे, राखून ठेवला गेला. मागणारे वाढले, वाटायला जमीन उरली नाही, आणि पिढीजात चाकरी केलेले खानाजाद जहागिरीसाठी ताटकळत राहिले.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, तेव्हा बादशहाच्या दृष्टीने मोहीम संपल्यातच जमा होती. प्रत्यक्षात तमिळ मुलखातील एकट्या जिंजीच्या किल्ल्याने मोगल फौज १६९८ पर्यंत अडकवून ठेवली. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी रसद तोडली, हे मुले आवडीने लिहितात. पण त्याच काळात मराठ्यांनी मोगलांच्या हासिलालाच हात घातला होता, हे त्यांना कुणी सांगत नाही. देशमुखांच्या दप्तरांत दोन्हीकडच्या सनदा असत, आणि जहागीरदारांची माणसे मराठ्यांशी परस्पर समेट करून पैसे पोचते करीत. बुऱ्हाणपूरला जन्मलेल्या आणि मोगल सरदार दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत राहिलेल्या भीमसेन सक्सेना याने हे सारे डोळ्यांनी पाहून फारसीत लिहून ठेवले आहे. एका माणसाच्या हट्टाने मोगलाई बुडाली असे शिकवताना ताराबाईंच्या काळापर्यंत चाललेल्या या झुंजीचे मोल आपणच कमी करतो, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्यानंतरचे वारस दुबळे होते खरे, पण वाटायला जहागिरीच नसलेला बादशहा सबळ असता तरी सरदारांना कशाने बांधून ठेवता? १७१९ या एका वर्षात दिल्लीच्या तख्तावर चार बादशहा दिसले. १७२४ मध्ये निजामाने दक्षिणेत आपले बस्तान बसवले, बंगाल आणि अवध नावापुरतेच दिल्लीचे राहिले. १७३९ मध्ये इराणचा नादिरशहा चालून आला तो या पोकळ वाड्यात.

माझी मागणी लहान आहे. या पाठात जमा आणि हासिल यांचे एक सोपे उदाहरण द्यावे, भीमसेनाच्या लेखनातील एक उतारा मराठीत छापावा, आणि परीक्षेत ‘कारणे लिहा’ऐवजी ‘जहागिरींची टंचाई आणि दक्षिणेतील युद्ध यांचा संबंध स्पष्ट करा’ असा प्रश्न विचारावा. उतारा निवडण्यासाठी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी विनामानधन यायला तयार आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक