हिरकणी कक्षात बेसिन आणि फ्रिजही हवा

बसस्थानकांतील हिरकणी कक्ष, म्हणजे आईला बाळाला दूध पाजण्यासाठीच्या खोल्या, कुलूपबंद असल्याची बातमी वाचली. कुलूप निघायलाच हवे. पण आत नुसते बाकडे आणि पडदा असून भागत नाही. नोकरीवर परतलेल्या आईला साधारण दर तीन तासांनी दूध काढावे लागते. ते राहिले की स्तन दगडासारखे घट्ट होतात, गाठी धरतात, ताप येतो आणि पुढे दूधही कमी होते. दूध काढण्याआधी हात साबणाने धुवायचे, तर बेसिन हवेच.

खरी अडचण आपल्याकडच्या उन्हाची. काढलेले दूध चार तास टिकते, हा नियम २५ अंशांपर्यंतचा आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तिथे तो नियम लावणे बाळाच्या पोटाशी खेळणे आहे. तेच दूध फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवले तर, चार दिवस चालते. (पाजताना वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे, गॅसवर उकळू नये.)

प्रत्येक कक्षात वाहते पाणी, साबण, दूध काढायच्या पंपासाठी प्लग आणि लहान फ्रिज द्यावा. किल्ली चौकशी खिडकीवर असावी.

– एक स्तनपान समुपदेशक, भुसावळ