नकाशा वाचायला शिकवणाऱ्या नानांना

आदरणीय नाना,

सादर नमस्कार.

नाव छापू नको म्हणालात, म्हणून तुमचं नाव नाही आणि गावाचंही नाही. खानदेशातलं, सुरत-भुसावळ लाइनीवरचं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. पण आभार चारचौघांतच मानणार. तुम्ही केलेलं काम डोळ्यांना दिसत नाही ना! कोणी पाणपोई बांधली की पाटी लागते. गावाच्या आराखड्यात शाळेसाठी राखून ठेवलेली जागा, म्हणजे शाळेचं एक आरक्षण, रेल्वे लाइनीच्या अलीकडून पलीकडे गेलं, तर पाटी कुठे लावायची?

प्रारूप विकास आराखडा, म्हणजे गावात रस्ते, शाळा कुठे होणार त्याचा कच्चा नकाशा, जाहीर झाला आणि हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळाले, तेव्हा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ॲडमिशनच्या दिवसांतही नसते अशी गर्दी. जो तो एकच बघत होता, आपल्या प्लॉटवरून डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला रस्ता, जातोय का. मीही तेच बघितलं. शाळेची आरक्षणं किती आणि कुठे, हे विचारणारे तुम्ही पहिले. तोवर तुम्ही म्हणजे आमच्यासाठी सकाळी पेपर वाचायला येणारे, पेन्शनच्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढणारे नाना. नगररचना खात्यात ट्रेसर म्हणून लागून आरेखक म्हणून निवृत्त झालात, हेही त्या दिवशीच कळलं.

मोठा नकाशा एथ्रीच्या तुकड्यांत काढून तुम्ही काउंटरच्या काचेवर सेलोटेपने जोडलात. शेजारी आरक्षणांची यादी. आकडा नकाशात शोधायचा, मग यादीत त्याचा उद्देश, गट नंबर, क्षेत्र आणि जमीन कोणी संपादन करायची ते बघायचं. इतकं सोपं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या लाइनीपलीकडच्या भागासाठी प्राथमिक शाळेचं एक आरक्षण होतं. आम्ही खूश.

मग तुम्ही पार्सल बांधायचा दोरा मागितलात. एक टोक आरक्षणाच्या चौकोनावर अंगठ्याने दाबलंत. दुसरं टोक रस्त्या-रस्त्याने, प्रत्येक वळणावर नख रोवत, पलीकडच्या शेवटच्या लेआउटपर्यंत नेलंत. दोरा सरळ करून पट्टीवर धरला आणि नकाशाच्या प्रमाणाने हिशेब केला. पट्टीने सरळ मोजलं तर जेमतेम पाऊण किलोमीटर, दोऱ्याने रुळांखालच्या बोगद्यातून वळसा घालून पावणेदोनच्या घरात. शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. कोणीतरी म्हणालं, पाऊणच आहे की. तुम्ही चष्म्यावरून बघत अहिराणीत विचारलंत, "पोऱ्या काय उडीसन जाई का शाळामा?" सगळे हसले, पण पावसाळ्यात त्या बोगद्यात कमरेएवढं पाणी साचतं हे सगळ्यांनाच माहीत होतं. आणि पाणी साचलं की पोरं रूळ ओलांडतात, हेही.

दुसऱ्या दिवशी जागा बघायला नेलंत. आरक्षण नाल्याच्या काठाला, काळ्या जमिनीत. तुम्ही शेजारच्या गोदामाच्या भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवलीत, माझ्या गुडघ्याच्या वर. कपाशीला सोनं असणारी ही जमीन बांधकामाला किती नाठाळ, ते तिथेच उभं राहून समजावलंत. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलतो. मग खोल खणून मुरूम भरा, खर्च वाढवा, आणि एवढं करून शाळा पुराच्या वाटेवर. स्वस्त म्हणून घेतलेली जागा बांधताना महाग पडते, हे आम्हाला घरं बांधताना कळलं होतं. शाळेच्या बाबतीत कोणी तसा विचार केला नव्हता, इतकंच.

किती पोरांसाठी शाळा मागायची, हा पुढचा प्रश्न. मी 2011 ची जनगणना काढून ठेवली होती. तुम्ही कागद बाजूला सारलात. त्यानंतर शेतं किती एनए (बिगरशेती) झाली, ते त्यात कुठून येणार? तुम्ही आम्हाला अंगणवाडीत पाठवलंत. सेविकाताईंच्या सर्वेक्षण रजिस्टरमध्ये सहा वर्षांखालची सगळी मुलं घरागणिक असतात. आज जी तीन वर्षांची, ती आणखी तीन वर्षांनी पहिलीत. शिवाय लेआउटमधले प्लॉट किती, त्यांतल्या किती घरांना विजेचे मीटर लागले, किती अजून रिकामे, हे पोरांनी फिरून टिपलं. शाळा आज भरायची नसते, तो लेआउट भरेल तेव्हा भरायची असते, हे मला त्या वहीतून उमजलं.

प्रमाण काय धरायचं तेही तुम्हीच दिलंत. केंद्र सरकारच्या 2014 च्या शहर नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत 5,000 वस्तीमागे एक प्राथमिक शाळा आणि तिला 0.40 हेक्टर जागा, निम्मी इमारतीला, निम्मी मैदानाला. म्हणजे आपले चाळीस गुंठे. आकडा लहान वाटला, तेव्हा तुम्ही जळगावचं उदाहरण दिलंत. 2001 ला सुमारे 3 लाख 68 हजार वस्ती, 2011 ला 4 लाख 60 हजार. दहा वर्षांत वाढलेल्या लोकांपुरत्याच 18 प्राथमिक शाळांच्या जागा लागतात, म्हणजे सात हेक्टरांच्या वर. शहर वाढून झाल्यावर सलग एक एकर शोधायला निघालं, तर काय भाव पडेल? (आणि मग अर्थातच तुम्ही धुळ्यावर घसरलात. खानदेशचे पहिले कलेक्टर कॅप्टन ब्रिग्ज, 1819 सालची अडीच हजारांची वस्ती, आणि तेव्हा आखलेली नवी पेठ. चहा दोनदा गार झाला. पण धुळ्याच्या सरळ गल्ल्यांतून जाताना मी आता वर दुकानांच्या पाट्यांकडे न बघता रस्त्याच्या रुंदीकडे बघतो, हे खरं.)

सगळ्यात जास्त आभार मात्र एका वेगळ्याच गोष्टीचे. पलीकडे दोन जागा सुचवण्यासारख्या होत्या. एक म्हणजे एका शेतकऱ्याच्या गटाचा रस्त्यालगतचा तुकडा, आमच्या दृष्टीने अगदी सोयीचा. आम्ही तीच लिहून मोकळे होणार होतो. तुम्ही म्हणालात, आधी त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन बसू. आरक्षण टाकायला शाई लागते, जमीन घ्यायला पैसा. नगररचना अधिनियमाचं कलम 127 तुम्ही त्याच्यासमोरच समजावलंत. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द. म्हणजे तोवर त्याने ना बांधायचं, ना नीट विकायचं, आणि शेवटी गावाला शाळाही नाही. रोख मोबदल्याऐवजी टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या म्हणायचं, तर तो मुंबई-पुण्यात चालतो, आमच्याकडे तो विकत घेणार कोण? शेतकरी ऐकत होता. त्याच्या सुनेने विचारलं, "मग आमचंच का?" त्यावर तुम्ही गप्प राहिलात, आणि बाहेर पडल्यावर म्हणालात, हा प्रश्न नकाशा काढणाऱ्याने रोज स्वतःला विचारायला पाहिजे.

त्यानंतर दुसरी जागा धरली, सरकारी पड. थोडी आत, रस्ता अरुंद, पण उंचावर, मुरमाड आणि विकत घ्यायची गरज नसलेली. सातबारा काढून तिच्यावर कोणाचे हक्क आहेत का ते तपासलं. रस्ता रुंद करण्याची सूचना त्याच अर्जात जोडली.

अर्जाचीही गंमत. आमचा मसुदा चार पानी, त्यात गटारी, डास, बोगदा, माजी नगरसेवक, सगळे. तुम्ही लाल पेनाने उभी रेघ मारलीत. आरक्षण क्रमांक, गट नंबर, अडचण, पर्याय, सोबत नकाशाचा तुकडा आणि मुलांची संख्या. पानभर. "नुसतं नको म्हटलं की ते हरकत नोंदवून घेतात. कुठे पाहिजे ते सांगितलं तर बघतात." नियोजन समितीच्या सुनावणीत तसंच झालं. साहेबांनी नकाशाचा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघितला, दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं अंगणवाडीच्या आकड्यांत होती. सुधारित नकाशात आरक्षण पलीकडे सरकलेलं आहे. शासनाची मंजुरी यायची आहे, त्यामुळे पेढे नाही वाटले.

एका गोष्टीवर तुमचं-माझं अजून जमत नाही. पालिकेच्या शाळेत आता पोरं कोण पाठवतं, जुन्या गावातल्या शाळांचा पट बघा, असं म्हणणारे माझ्या दुकानात रोज येतात. तुम्ही त्यांना हसून सोडून देता, मला राहवत नाही. जुन्या गावात खोल्या रिकाम्या आहेत, कारण तिथली तरुण कुटुंबं इकडे राहायला आली. इकडे शाळाच नाही, म्हणून ती व्हॅनचे पैसे भरतात. ज्यांना ते जमत नाहीत त्यांची पोरं रूळ ओलांडतात. पट कमी आहे म्हणून जागा सोडली, तर पट वाढणार कुठे? तुम्ही म्हणता, वाद घालू नकोस, जागा धरून ठेव. बरं, धरून ठेवतो. वादही घालतो.

तुम्ही लेकीकडे नाशिकला गेल्यापासून नकाशा दुकानातच आहे, गुंडाळून, वरच्या फळीवर. आता एक विचारायचं होतं. शेजारच्या तालुक्याच्या गावचाही आराखडा येऊ घातलाय. तिकडची दोन-तीन मंडळी परवा दुकानात आली होती, शाळेच्या जागेचंच बघायचंय म्हणाली. दोरा कसा लावायचा ते मी दाखवलं, पण पूररेषेचं आणि सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांचं मला नीट सांगता आलं नाही. त्यांना तुमचा नंबर देऊ का? दुपारी झोपेच्या वेळी फोन करू नका, असं बजावून देईन.

आपला,
झेरॉक्सवाला